वेलदोड्यांच्या डबीतली पुडी

आमच्या घरात मी भित्री म्हणून ओळखली जायचे आणि त्यात खोटं काही नव्हतं. पालीला भ्यायचे, वावटळीला भ्यायचे, फाट्यावर एखाद्या ट्रकनं जोरात ब्रेक मारला तरी हातातलं टाकून उंबऱ्याच्या आत यायचे. पुढं वय वाढत गेलं तसं यातलं एकेक भय आपोआप गळून गेलं. चाळीस वर्षं संसार केला, विहिरीवर साप मारला, नवऱ्याच्या दोन ऑपरेशनांना बाहेरच्या बाकड्यावर एकटी बसले. पण लग्नाच्या पंगतीत वाढपी केशरी जिलेबीची परात घेऊन समोर आला की माझा हात आजही ताटावर आडवा पडतो. "घ्या की मावशी, एक तर घ्या," म्हणतो तो बिचारा, आणि मला साखरेचं दुखणं असेल असं समजून पुढं सरकतो. मला साखर-बिखर काही नाही. खरं कारण पंगतीत सांगण्यासारखं नाही, म्हणून इथं लिहिते.

आमचं घर येरमाळ्यात, फाट्यावरून गावात शिरताना डाव्या हाताला. पुढं कडुनिंब, मागं परस आणि गोठा. आण्णांचं फाट्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि गावाबाहेर थोडी कोरडवाहू जमीन. वर्षभर आमच्या घराला आवाज म्हणजे आईच्या भाकरीच्या थापा, शेरडांचं ओरडणं आणि संध्याकाळी आण्णा आले की त्यांचं खाकरणं. पण चैत्री पौर्णिमा जवळ आली की घराच्या भिंतींनाही कान फुटायचे. येडाईची यात्रा. एसट्या, बैलगाड्या, ट्रकच्या हौद्यात दाटीवाटीनं उभी माणसं, हलग्या, संबळ, 'आई राजा उदो उदो', आणि या सगळ्यावर दिवसभर बोलत राहणारा तो एक भोंगा : 'लाल लुगडं नेसलेल्या आजीबाई इथं आपल्या माणसांची वाट बघत बसल्या आहेत.' मला त्या भोंग्याचंसुद्धा भय वाटायचं. कधीतरी त्यातून आपलं नाव येईल आणि आपल्याला न्यायला कुणीच येणार नाही असं मनात यायचं.

यात्रेच्या चार दिवस आधी परंड्याहून रसूलचाचा यायचे. त्यांचं जिलेबीचं दुकान दरवर्षी एसटी स्टँडच्या अंगाला लागायचं, आणि मैद्याची पोती, तेलाचे डबे आमच्या ओसरीत ठेवायचे. का, कधीपासून, हे मला माहीत नाही. मला कळायला लागल्यापासून ते होतेच. उंच, वाकलेले, हातावर तेलाचे जुने डाग पडलेले. दुकान मांडायच्या आदल्या दिवशी ते आमच्या निंबाखाली छोट्या तईत एक घाणा काढून बघायचे, पीठ जमलंय का ते तपासायला. तई म्हणजे त्यांची ती पसरट, उथळ कढई. मी समोर उकिडवी बसून बघायचे. पिठाची फडक्यात पुरचुंडी, फडक्याला मधोमध एक काज घातल्यासारखं भोक, आणि चाचांचा हात तेलावर गोल गोल फिरायचा तेव्हा मनगटच तेवढं हलायचं, बाकी माणूस जागच्या जागी. मला एकदा त्यांनी पुरचुंडी दिली. माझ्या हातून तेलात गांडुळं पडली. "हात कायकू कापता बेटी? तेरा हात डऱ्या तो जिलेबी बी डरके तुटती," म्हणाले आणि हसले. त्यांच्यात आणि माझ्यात ही एक चेष्टा झाली. पुढच्या वर्षी आल्या आल्या विचारायचे, "डरती क्या अब्बी?"

त्या वर्षी माझी अक्का बाळंतपणाला माहेरी आली होती. सुमन तिचं नाव, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. दाजी उमरग्याला ट्रकवर होते. तिचं पहिलं पोर पाचव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. त्यावर घरात कुणी उघड बोलायचं नाही, पण त्यानंतर अक्का हसायची ते अर्धंच हसायची. आता सातवा सरत आला होता. आईनं तिला विहिरीवर जायची, शिंक्याखाली बसायची, तिन्हीसांजेला अंगणात यायची, सगळ्याची बंदी केली होती. यात्रेत जायचा तर प्रश्नच नव्हता. आणि अक्काला नेमके डोहाळे लागले यात्रेच्या जिलेबीचे. आंबट-खारट काही नको, फक्त ती, तईतून नुकती काढलेली, बोटं भाजतील अशी.

"यात्रेतलं उघड्यावरचं न्हाय खायाचं," आई म्हणाली. "माशा बसत्यात, मानसं खोकत्यात. पटकी झाली मंजी?"

"रसूलचाचाचं बी न्हाय?"

"कुनाचंच न्हाय. घरी करू. घरातलं आपल्या डोळ्याम्होरचं असतंय."

घरातलं आपल्या डोळ्यांसमोरचं असतं. हे आईचं वाक्य मी नंतर किती वेळा आठवलं असेल त्याला गणती नाही.

तर घरी करायचं ठरलं आणि करणारी मी, कारण घरात चाचांच्या समोर बसलेली मीच एकटी. मला बारावं सरून तेरावं लागलं होतं. चाचांनी हौसेनं सगळं काढून दिलं. छोटी तई, भोकाचं फडकं, आणि कागदाची एक बारीक पुडी. "खाने का रंग. पीठ में डालनेका, पाक में नई. सुई की नोक इत्ता. जास्ती डाली तो कडवी होती." मी ती पुडी हरवू नये म्हणून वेलदोड्यांच्या पितळी डबीत ठेवली. पाकाला वेलदोडे लागणारच, डबी उघडली की पुडी हाताला येईल, असा माझा हिशेब. स्वतःच्या हुशारीवर मी तेव्हा फार खूश होते. आदल्या संध्याकाळी आईनं आणि मी मैदा, मूठभर बेसन आणि आंबट दही कालवून पातेल्यात झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी चुनखडी वेचायची होती. आमच्याकडं पालखी डोंगरावरून उतरून आमराईकडं निघाली की वाटेत चुन्याच्या रानात माणसं चुनखडीचे पाच-पाच खडे वेचून देवीपुढं टाकतात. आईनं अक्कासाठी बोलून ठेवलं होतं, पाच नाही, पाचाच्या पाचपट वेचीन, पण या खेपेला पोर हाती दे. आण्णा पालखीच्या माणसांत. आईनं निघताना माझ्याकडं बोट केलं. "म्या आल्याबिगर चूल पेटवायची न्हाय. तेलाचं काम हाय. अक्कापाशी बसून ऱ्हा." मी मान हलवली. चैत्राचं ऊन, घराबाहेर हलग्या, घरात आम्ही दोघी.

पण पीठ थांबेना. दुपार चढली तसं पातेल्यावरचं झाकण वर यायला लागलं, आंबूस वास माजघरभर झाला. मी झाकण उघडून बघितलं तर बुडबुडे. चाचा म्हणायचे, पीठ चढलं की त्याच वेळी घाणा काढायचा, नाहीतर ते वाया गेलं. अक्का खांबाला टेकून बसली होती. "आई यीस्तर आंबून जाईल की गं," ती म्हणाली. एवढंच. करू म्हणाली नाही, पण तिच्या तोंडाला पाणी सुटलेलं मला दिसत होतं. मी चूल पेटवली.

मी आधी पाक केला. साखर, पाणी, बोटात धरला की एक तार. मग तईत करडीचं तेल. वास भरला तशी माझी घाई वाढली. आई कोणत्याही क्षणी येईल याचं एक भय, तेल पेटेल याचं दुसरं. रंगाची आठवण झाली तेव्हा हात पिठानं बरबटलेले होते. उतरंडीच्या मागच्या कोनाड्यात कागदाची पुडी दिसली, बारीक, वर्तमानपत्राची, वरून पीळ दिलेली. हीच ती असं घाईत धरून मी ती दातानं सोडली. केशरीच रंग. सुईचं टोक कशाला, स्वैपाकघरात सुई कुठली, मी काडीपेटीतली एक काडी घेतली आणि तिच्या मागच्या टोकावर बसेल तेवढा रंग पिठात झटकला. घोटलं तसं पीठ असं काही उजळलं की चाचांच्या पातेल्यातही तसा रंग मी कधी बघितला नव्हता. मला तेव्हा कळायला हवं होतं.

आणि काय सांगू, त्या दिवशी माझा हात भ्याला नाही. पहिली दोन वेटोळी वेडीवाकडी पडली आणि तिसरं जमलं. गोल, अखंड, कुठं तुटलं नाही. तेलात ते फुगून वर आलं, मी ते पाकात बुडवलं, कुरकुरलं. ताटलीत घालून अक्कापुढं ठेवलं. तिनं बोटं भाजत तोडलं, फुंकर घातली आणि डोळे मिटले. "रंजे," म्हणाली, "चाचाच्या तोंडात मारलंस की गं." दुसरी खाल्ली, तिसरी खाल्ली. सात खाल्ल्या. त्या वर्षात मी तिला पहिल्यांदा पुरतं हसताना बघितलं. पाक हनुवटीवरून ओघळत होता आणि ती हसत होती. पहिला घाणा तिचा म्हणून मी तोंडही लावलं नव्हतं.

मग मला वेलदोडे आठवले. पाकात घालायचे राहूनच गेले होते. उरलेल्या पाकात तरी घालावेत म्हणून मी डबी उघडली, आणि वेलदोड्यांवर चाचांची पुडी तशीच होती. पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेली, दोऱ्याची गाठही सुटलेली नाही.

मी कोनाड्यातली पुडी पुन्हा हातात घेतली. नाकाशी धरली. रॉकेलसारखा वास आला आणि मग सगळं आठवलं. पंचवीसेक दिवसांपूर्वीची रंगपंचमी. तो मीच आणलेला रंग. ओठांना, दातांना लागून मी घरी आले होते तेव्हा आईनं पदराला धरून मला न्हाणीत नेलं होतं, घासघासून तोंड धुतलं होतं, आणि म्हणाली होती, "पोटात गेला मंजी आतडी रंगत्यात, मरून जाशील एखांद्या दिवशी." उरलेली पुडी तिनंच हिसकावून घेतली होती, आणि माझ्या हाती लागू नये म्हणून उतरंडीमागं टाकली होती.

भय म्हणजे काय हे मला तोवर माहीत नव्हतं असं मी म्हणेन. पाल, वावटळ, ट्रक, हे सगळं बाहेरून येणारं. हे आतून आलं. कान बंद झाले, बाहेर एवढ्या हलग्या वाजत होत्या त्या ऐकू येईनात. मागं अक्का बोटं चाटत होती त्याचा तेवढा आवाज येत होता. सांगायला हवं हे मला कळत होतं. जीभ हलेना. सांगितलं तर ती घाबरेल, घाबरली तर पोटाला काही होईल. नाही सांगितलं तर काही होईलच. मी चुलीकडं तोंड करून बसले आणि एक वेडेपणा केला. पुन्हा तेल तापवलं, त्याच पिठाच्या सात जिलब्या काढल्या, मोजून सात, आणि तिथंच बसून एकामागून एक खाल्ल्या. माझं पोट तिच्याहून लहान, तेव्हा विष असेल तर आधी मला भिनेल, मग मला कळेल, मग मी सांगेन. आणि समजा दोघी मेलोच तर आईपुढं एकटीला उभं राहावं लागणार नाही. पाचवी जिलेबी गिळताना गोडानं ओकारी यायला लागली होती. तरी सात पुऱ्या केल्या. उरलेलं पीठ परसात निंबाच्या मुळाशी ओतलं, ते तिथं लांबून दिसेल असं केशरी पसरलं, मग त्यावर राख टाकली.

आज मला माझी त्या वेळची अक्कल आठवून हसू येतं, आणि लगेच त्या पोरीला जवळ घ्यावंसंही वाटतं. तिच्यापाशी दुसरं काही नव्हतं. डॉक्टर नाही, फोन नाही. स्वतःचं पोट तेवढं होतं.

मी अक्काशेजारी जाऊन बसले. तिला गोड खाऊन सुस्ती आली होती. मी माझ्या पोटाकडं लक्ष लावून होते. जरा वेळानं ते दुखायला लागलं. सात जिलब्यांनी दुखत होतं का भयानं का रंगानं, कोण सांगणार? तेवढ्यात अक्का म्हणाली, अगदी सहज, पदरानं वारा घेत, "गोड खाल्लं की लई लाथा मारतंय हे. आज कामून गप हाय की." तिनं माझा हात उचलला आणि आपल्या पोटावर ठेवला. रोज असं करायची ती. रोज माझ्या तळहाताखाली काहीतरी सरकायचं आणि मी किंचाळून हात काढून घ्यायचे. आज मी हात ठेवून बसले. काही नाही. अक्कानं कूस बदलली, पुन्हा माझा हात ठेवला. काही नाही. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. पाचव्या महिन्यातलं ते, ज्यावर घरात कुणी बोलायचं नाही, ते तिच्या डोळ्यांत आलेलं मला दिसलं.

"अक्का," मी म्हणाले, "म्या रंगपंचमीचा रंग घातलाय."

"कशात?"

"जिलेबीत. खायाचा ऱ्हायला डबीत. चुकून घातला."

मला वाटलं ती मारील. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं ओठ दातांखाली दाबले. माझ्या तोंडाकडं बघितलं, माझ्या ओठांना लागलेला पाक बघितला. "तू बी खाल्लीस?" मी मान हलवली. "कळल्यावर?" मी पुन्हा मान हलवली. तिनं पदर खोचला. मग भिंतीला धरून उठली. "चप्पल दे माझी. ती पुडी घे संगट."

यात्रेत दवाखान्याचा एक तंबू असायचा, एसटी स्टँडपाशी, भोंग्याच्या मांडवाला लागून. तिथपर्यंत एरवी पाच मिनिटांची वाट. ज्या गर्दीत अक्कानं जाऊ नये म्हणून आईनं जिलेबी घरी करायला लावली, त्याच गर्दीतून आता आम्ही निघालो. तिनं एक हात पोटावर आडवा धरला होता आणि दुसऱ्यानं माझी बोटं, इतकी घट्ट की ती काळीनिळी झाली. माणसं अंगावर येत होती, परड्या, पोत, बांगड्यांच्या पाट्या, कुणाच्या खांद्यावर बसलेलं पोर. मी पुढं होऊन कोपरानं वाट काढत होते, "सरका, सरका की वो," म्हणत होते, आणि माझाच आवाज मला ओळखू येत नव्हता. एका वळणावर रसूलचाचांचं दुकान आलं. तईतून जिलेबी काढता काढता त्यांनी मला बघितलं, हात वर केला, "बेटी, जमी क्या?" असं काहीतरी म्हणाले. मी मान खाली घालून पुढं गेले.

तंबूत एक सिस्टर होत्या, जाड भिंगाचा चष्मा, घामानं भिजलेला पांढरा पदर. अक्कानं एका दमात सांगितलं. सिस्टरनी माझ्या मुठीतली पुडी घेतली. माझा तळहात घामानं केशरी झाला होता. पुडी त्यांनी हुंगली.

"हा खायचा नाही," म्हणाल्या. "किती घातलास?"

"काडीच्या टोकाएवढा."

"खरं सांग."

"देवीची शपथ. चाचा म्हणले हुते, जास्ती घातला की कडू हुती."

"वांती झाली? चक्कर? पोटात कळ?" अक्कानं नाही म्हटलं. त्यांनी तिला खाटेवर आडवं केलं, एक लाकडी भोंगा काढला, लहानसा, फुंकणीसारखा, त्याचं एक तोंड अक्काच्या पोटावर टेकवलं आणि दुसऱ्याला कान लावला. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत उभी. त्यांनी भोंगा सरकवला, पुन्हा कान लावला. पुन्हा सरकवला. बाहेर पालखीच्या हलग्या टिपेला पोचलेल्या, आणि तंबूच्या कापडापलीकडं तो मोठा भोंगा हरवलेल्या म्हाताऱ्याचं वर्णन करत होता. सिस्टर वर झाल्या. "काही ऐकू येईना या गोंगाटात. पोरी, जा, त्या माईकवाल्याला म्हणावं दोन मिनिटं गप बस."

मी. मला पाहुण्यांपुढं पाण्याचा तांब्या घेऊन जायचं म्हटलं तरी घाम फुटायचा. मी तंबूच्या बाहेर आले, मांडवात शिरले, आणि त्या माणसापाशी उभी राहिले. तो कागद वाचत होता. मी त्याची बाही ओढली. "काय गं, हरवलीस का? नाव सांग," म्हणाला आणि सवयीनं माईक माझ्या तोंडापुढं धरला. मला कुठं माहीत तो सुरू आहे. मी म्हणाले, "बंद करा की वो. माझ्या अक्काच्या पोटातलं बाळ ऐकू येईना."

ते सगळ्या यात्रेला ऐकू गेलं. दुकानांवर, स्टँडवर, डोंगराच्या पायऱ्यांवर, चुन्याच्या रानात. माझाच आवाज झाडांवरून माझ्याकडं परत आला तेव्हा मी गोठले. माईकवाला माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं खटका खाली केला. जवळच्या हलगीवाल्यांनी काठ्या थांबवल्या, त्यांचं बघून पलीकडच्यांनी. यात्रा काही पूर्ण गप झाली नाही, एवढी माणसं कशी गप होतील, पण आमच्या त्या बाजूला एक प्रकारचा दबका आवाज तेवढा उरला. मी तंबूत पळाले. सिस्टर वाकलेल्याच होत्या. डोळे मिटलेले. मी श्वास धरून उभी होते, आणि माझ्या पोटात कळ येत होती, आणि मी मनात म्हणत होते की येऊ दे, मला येऊ दे.

मग सिस्टरनी बोटानं खाटेच्या दांडीवर ठेका धरला. टक टक टक टक, भराभर. डोळे न उघडता. "ऐकू आलं," म्हणाल्या. "चांगलं पळतंय. झोपलं होतं मेलं." अक्कानं पदर तोंडात कोंबला आणि रडायला लागली. मी खाटेच्या पायाशी खाली बसले.

आई आली ती पळत. केस सुटलेले, एका पायात चप्पल नाही, आणि ओटीत चुनखडीचे खडे, देवीपुढं टाकायचे राहिलेले. तिनं रानात माझा आवाज ओळखला होता. "काय झालं गं, काय झालं," म्हणत ती अक्कावर वाकली तसे ओटीतले खडे तंबूत सांडले. मला वाटलं आता संपलं. सिस्टर माझ्याकडं बघत होत्या. अक्कानं हात लांब करून माझा केशरी झालेला तळहात आपल्या मुठीत घेतला आणि मूठ झाकून टाकली.

"कुटं काय," म्हणाली. "पोर हलंना, म्हनून मलाच भ्या वाटलं. रंजीनं आनलं मला. आता हाय बरं."

सिस्टरनी अक्काच्या झाकल्या मुठीकडं बघितलं. "पाणी पाजा भरपूर, ताक पाजा," आईला म्हणाल्या. "उद्या-परवा पुन्हा आणा, काही वाटलं तर लगेच." आणि मग, माझ्याकडं न बघता, "या पोरीलाही ताक द्या." पुडी त्यांनी स्वतःच्या पिशवीत घातली.

पण भय तिथं संपलं नाही. सिस्टरनी एवढंच सांगितलं होतं की आत्ता ठीक आहे. पुढचं कुणी सांगितलं नव्हतं. आणि मला ते कुणाला विचारता येत नव्हतं, कारण अक्कानं वाटेतच बजावलं होतं, "आईला सांगायचं न्हाय. तिचा जीव जाईल." दोन महिने मी रोज सकाळी उठल्यावर आधी अक्काचं पोट बघायचे. ती शिंकली तरी माझ्या काळजाचं पाणी व्हायचं. पोर केशरी निघेल असंही मला वाटायचं. बोटं, कान, जीभ. रात्रंदिवस ते माझ्या डोळ्यांपुढं असायचं. येडाईला काय काय बोलले ते आता सांगतही नाही, त्यातलं निम्मं फेडायचं राहिलंय.

ज्येष्ठात एका सकाळी सुईणीनं ते फडक्यात गुंडाळलेलं पोर बाहेर आणलं. मुलगी. आण्णा म्हणाले, लक्ष्मी आली. आई म्हणाली, नाक सुमनचं. मी पुढं झाले आणि कुणाला कळायच्या आत फडकं बाजूला करून तिच्या मुठी उघडल्या. एक, मग दुसरी. तळहात गुलाबी होते. मी तिचे तळपाय बघितले, कानांच्या मागं बघितलं. "काय हुडकायलीस गं?" आई म्हणाली. मी बाहेर जाऊन निंबाच्या मुळाशी, जिथं पीठ ओतलं होतं तिथं बसले आणि पोटभर रडले.

तीच ही आमची वैशू. आता तिचे केस पिकायला लागलेत, उमरग्यात असते, आणि परवा तिनं फोनवर एक व्हिडिओ पाठवला, दहा मिनिटांत जिलेबी. खाली लिहिलं, 'मावशी, तू करतेस त्या पांढऱ्या का असतात गं? ह्यात बघ कसा रंग आलाय.' अक्का आता नाही, तेव्हा विचारायला कुणी उरलं नाही की सांगू का नको. मी लिहिलं, सवय. पण लिहिल्यावर वाटलं की तिला एवढं तरी कळावं, म्हणून पुढच्या वर्षीची एक गोष्ट सांगते आणि थांबते.

पुढच्या चैत्रात अक्का वैशूला घेऊन यात्रेला आली. पोर अंगानं बाळसेदार, रांगत सगळ्या घरभर. रसूलचाचा ओसरीत पोती उतरवत होते. अक्कानं त्यांच्याकडून छोटी तई मागून घेतली आणि माझ्यापुढं ठेवली. "रंजे, जिलेबी कर."

मी नाही म्हणाले. पाय धरले तिचे. ती ऐकेना. आईला कळेना काय चाललंय. शेवटी मी बसले. पिठात रंग घातला नाही, मैद्याचाच रंग. हात असा कापत होता की पहिली चार वेटोळी तुटली. चाचा लांबून बघत होते, पण त्या दिवशी ते 'डरती क्या' म्हणाले नाहीत. पाचवं कसंतरी जुळलं. पांढुरकं, फिकट, यात्रेत कुणी विकत घेतलं नसतं असं. पाकातून काढून मी ते ताटलीत ठेवलं आणि ताटली धरून बसून राहिले, तिच्याकडं सरकवता येईना.

अक्कानं वैशूला मांडीवर घेतलं, हात लांब करून ती जिलेबी उचलली आणि फुंकर घालून खाल्ली. यात काय घातलंय असं तिनं विचारलं नाही. मग बोटाला राहिलेला पाक तिनं वैशूच्या ओठांना लावला.